जैसलमेरच्या वाळवंटात जुना समुद्र कसा वाचावा

जैसलमेरला गेलेला माणूस "इथे पूर्वी समुद्र होता" हे दाखवायला आधी वाळूकडे बोट करतो आणि मग मिठाकडे. दोन्ही पुरावे बाद. सम आणि खुहडीच्या टेकड्यांची वाळू नद्यांनी आणि वाऱ्याने आणलेली, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाची. सांभर, डीडवाना, पचपदरा इथले मीठ हे पाण्याला बाहेर पडायला वाट नसलेल्या खोलगट जागांचे आहे. पावसाचे पाणी आसपासचे क्षार घेऊन तिथे उतरते, आटते आणि क्षार मागे राहतात. त्यासाठी समुद्र लागत नाही.

खरा समुद्र आहे तो पिवळ्या दगडात, म्हणजे जिथे वाळू नाही तिथे. साधारण १७ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या मध्यावर, भारत अजून मादागास्करला चिकटलेला असताना गोंडवन हा जुना महाखंड फाटू लागला आणि उथळ समुद्र जमिनीत आत शिरला. कच्छ आणि जैसलमेर ही त्याच समुद्राने व्यापलेली दोन ठिकाणे. हा समुद्र दगडात कसा शोधायचा, त्याची ही पद्धत आहे. सगळीकडे लागू पडणारा नियम एकच: एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. दगड काय आहे, त्या दगडात पाण्याच्या हालचालीच्या खुणा कोणत्या आहेत आणि त्यात कोणते जीव आहेत, या तिन्हींची साक्ष एका थरात जुळली की मगच "समुद्र" असे वहीत लिहायचे.

सोबत काय घ्यावे

भिंग दहापटीचे घ्या. वीसपटीचे घेण्याचा मोह होतो, पण त्यात दिसणारा भाग लहान आणि अंधारा होतो. उन्हात उभे राहून काम करताना दहापटीचेच बरे. पोलादी चाकू किंवा मोठा खिळा, पाच मीटरची टेप, होकायंत्र, दहा सेंटिमीटरची पट्टी (फोटोत मापासाठी), वही आणि पेन्सिल. घामाने शाई पसरते, पेन्सिल टिकते. दीड मीटरची एक सरळ काठी घेऊन तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टी लावा, थर मोजायला ती लागते. आणि पाणी फवारायची छोटी बाटली. हिला विसरू नका: धुळीने माखलेल्या कोरड्या दगडात काहीच दिसत नाही, तोच ओला केला की शिंपल्याचे काप आणि तिरपे थर लगेच वर येतात.

चुना तपासायला भूशास्त्राचे विद्यार्थी दहा टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. तीव्र आम्लाचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग, आणि ओतायचे ते नेहमी पाण्यात आम्ल, उलटे कधीच नाही. पण आम्ल रेल्वेने किंवा विमानाने नेता येत नाही. हौशी माणसाने स्वयंपाकघरातले लिंबूसत्त्व न्यावे. शंभर मिलिलिटर पाण्यात पंधरा ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचाभर. याचा फेस संथ येतो, म्हणून दगडावर आधी चाकूने ओरखडा काढून थोडी भुकटी करा, तिच्यावर थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बुडबुड्यांची बारीक रांग उठली की चुना आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच दिवस कामाचे. थंडीतही माणशी चार-पाच लिटर पाणी ठेवा. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपे पडते, तेव्हाच लाटांच्या वळ्या दिसतात. बाराच्या उन्हात तोच दगड फरशीसारखा सपाट वाटतो. दगड उलटायचा तर काठीने, आणि दूरची कड उचलून स्वतःकडे, म्हणजे खाली फुरसे असले तर ते पलीकडे निघेल. थर वाळवंटातल्या दगडांखाली फुरसे अगदी नेहमीचे आहे. पोखरणच्या बाजूला लष्करी सरावाचे क्षेत्र आहे. कुंपण ओलांडू नका आणि जमिनीवर पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नका. सीमेलगतच्या अधिसूचित पट्ट्यात जायला परवानगी लागते, ती जैसलमेरलाच आधी विचारून घ्या.

कोणत्या दिशेने चालावे

इथले थर सपाट वाटतात, पण वायव्येकडे काही अंशांनी कललेले आहेत. त्यामुळे आग्नेयेकडून पश्चिम-वायव्येकडे जाताना आपण जुन्या थरांवरून नव्या थरांवर चढत जातो. हा क्रम हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, म्हणून सुरुवात शहरातून करू नका, आकलपासून करा.

आकल जैसलमेरपासून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आहे. इथे दगड झालेली झाडांची खोडे उघड्यावर पडली आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. सर्वांत मोठे १३.४ मीटर लांब. ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. खोडांभोवतीचा वालुकाश्म नीट पाहा: शिंपले नाहीत, प्रवाळ नाही, थेंब टाकला तर फेस नाही. हा 'लाठी' नावाचा थर, नद्यांनी आणलेल्या वाळूचा. म्हणजे समुद्र येण्याआधीची जमीन. ती पाहिल्याशिवाय समुद्र "आला" असे म्हणता येत नाही, तो नेहमीच होता की नव्हता हेही कळत नाही.

लाकूड सापडले म्हणजे जमीनच, असा मात्र नियम नाही. लाकूड तरंगत समुद्रातही जाते. तेव्हा खोडाचा पृष्ठभाग भिंगाने तपासा. बोटाच्या पेराएवढ्या मुगदळाच्या आकाराची भोके दाटीने असतील तर लाकूड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी ती केलेली असतात. कोकणात होडीच्या फळीला लागणारी कीड ही त्याच जातकुळीतली.

आकलहून शहराकडे आलात की दगड बदलतो. वाळूत चुना मिसळू लागतो आणि पिवळा रंग चढतो. ११५६ साली रावळ जैसलने बांधायला घेतलेला किल्ला ज्या टेकडीवर आहे तिच्या कड्यातच हे थर उघडे आहेत, आणि भूशास्त्रात त्या थरांना नावही 'फोर्ट' असेच आहे. किल्ल्याच्या भिंतींवर डोळा तयार करा: चिऱ्यांत चंद्रकोरीसारखे पांढरे काप दिसतील, ते शिंपल्यांचे. मात्र भिंतीवर थेंब टाकणे किंवा ओरखडा काढणे अजिबात नाही. हा किल्ला २०१३ पासून जागतिक वारशात आहे. शिवाय बांधकामाचा चिरा खाणीतून आणलेला असतो. त्यावर सराव करा, त्याची नोंद पुरावा म्हणून करू नका.

फेस आला, पण कुठून आला?

नव्या माणसाची सर्वाधिक फसगत या चाचणीत होते. चुना म्हणजे समुद्र असे समीकरण मनात धरले की थर वाळवंटात जिथे तिथे समुद्र दिसू लागतो, कारण इथल्या मातीतच कंकर तयार होतो. पाणी वर ओढले जाऊन उडते आणि चुना गाठींच्या रूपात मागे राहतो. कंकर जोरात फेसाळतो. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या काही पांढऱ्या शिराही अशाच फेसाळतात आणि त्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही.

कंकर ओळखायची खूण: तो वेड्यावाकड्या गाठींचा असतो, थर धरून सलग जात नाही, मुळांच्या आकाराच्या उभ्या नळ्या त्यात दिसतात आणि तो कोणत्याही जुन्या दगडावर लिंपल्यासारखा बसलेला असतो. समुद्री चुनखडक थराने जातो, शेकडो मीटर त्याच जाडीचा आणि त्याच पोताचा.

फेस आल्यावर थांबू नका, नेमके काय विरघळते ते भिंगातून पाहा. सगळा दगड एकसारखा फेसाळत असेल तर चुनखडक. दाणे तसेच राहून मधला भराव फेसाळत असेल तर चुन्याने जोडलेला वालुकाश्म; उरलेल्या दाण्यावर चाकू चालवा, चरा पडला नाही तर ती गारगोटी. हायड्रोक्लोरिक आम्लाने अखंड दगड गप्प आणि भुकटी मात्र फेसाळते असे झाले तर डोलोमाइटचा (चुन्यासोबत मॅग्नेशियम असलेल्या खडकाचा) संशय घ्या.

कुलधराचा दाणा

शहराच्या पश्चिमेला सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा आहे. लोक ओसाड गाव पाहायला येतात आणि भुताच्या गोष्टी ऐकून जातात. गावाच्या अवशेषांना हात न लावता जवळच्या कोरड्या नदीपात्रात उतरा. आमच्या मते अख्ख्या जैसलमेरमध्ये समुद्राची सगळ्यात सुंदर साक्ष इथल्या सोनेरी-तपकिरी थरांत आहे.

नुकताच फुटलेला, न झिजलेला पृष्ठभाग शोधा. फवारा मारा, भिंग डोळ्याला चिकटवा आणि दगड जवळ आणा (भिंग दगडाला आणि डोळा लांब, ही सवय मोडा). माशाची गाबोळी (अंडी) पाहिली आहे ना? तसाच दाण्यांचा खच दिसेल: गोल, गुळगुळीत, खसखशीपासून राजगिऱ्यापर्यंतच्या मापाचे, दोन मिलिमीटरच्या आतले. आता अर्धा कापला गेलेला दाणा शोधा. त्यात कांद्यासारखी पुटे दिसतात, आणि मध्यभागी वाळूचा कण किंवा शिंपल्याचा कपचा. अशा दाण्यांच्या दगडाला ऊलाइट म्हणतात. सध्याच्या काळात चुन्याचे असे दाणे बहामासारख्या उबदार, उथळ, सतत हलत्या पाण्यात बनतात: दाणा लोळत राहतो आणि त्याच्यावर पुटावर पूट चढते. कुलधराच्या दाण्यांत लोह आहे, त्यावरून हा सोनेरी रंग. लोहाचे दाणे आणखी एक गोष्ट सांगतात: त्या काळात गाळ फार थोडा येत होता, म्हणून एकाच जागी दाण्यांना पुटे चढायला पुरेसा वेळ मिळाला.

ऊलाइट आणि साधी गोल वाळू यात गल्लत होते. फरक पुटांचा. कापलेल्या दाण्यात वर्तुळे नाहीत आणि चाकूने तो ओरखडत नाही, तर ती गारगोटीची वाळू.

याच भागात थराच्या माथ्यावर लोहाची कडक साय आणि तिच्यात गोल भोके आढळतात. भोकाची कड भिंगाखाली घ्या. भोक पाडताना वाटेतले दाणे आणि शिंपले सरळ कापले गेले असतील तर भोक पाडले तेव्हा तळ दगडासारखा घट्ट झालेला होता. दाणे भोकाभोवती ढकलले गेले असतील तर तळ अजून मऊ चिखल होता आणि ते बीळ आहे. पहिला प्रकार सापडला तर वहीत ठळक रेघ मारा: इथे समुद्रतळ बराच काळ गाळ न पडता उघडा होता.

लाटा, भरती आणि वारा

दगडावरच्या वळ्या दिसल्या की आनंद होतो, पण वळ्या वारासुद्धा करतो, त्या समला रोज दिसतात. मोजूनच ठरवा. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर घ्या, त्याला वळीच्या उंचीने भागा. निदान दहा वळ्या मोजून सरासरी काढा, एकीवर विसंबू नका. भागाकार पंधराच्या वर गेला तर वारा असण्याचा संभव मोठा, खाली राहिला तर पाणी. आठ सेंटिमीटर अंतर आणि एक सेंटिमीटर उंची म्हणजे आठ, हे पाणी. मग वळीचा आडवा छेद पाहा. दोन्ही बाजू सारख्या उताराच्या आणि माथा टोकदार असेल तर मागेपुढे हलणाऱ्या लाटेची वळी. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड, उभी असेल तर एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्याची. दुसरा प्रकार नदीतही होतो, पहिला तलावातही. म्हणून वळीवरून पाणी ठरते, समुद्र ठरत नाही.

भरती-ओहोटी मात्र तळ्यात नसते. उभ्या कापात एका थरातल्या तिरप्या रेघा एका दिशेला आणि लगेच वरच्या थरातल्या उलट दिशेला कललेल्या दिसल्या, बांगडा माशाच्या काट्यासारख्या, तर पाणी आत-बाहेर करत होते. दोन्ही दिशा होकायंत्राने मोजून लिहा. फरक १८० अंशांच्या जवळपास हवा. नुसत्या डोळ्यांनी ठरवले तर कापाच्या कोनामुळे फसायला होते, तेव्हा एकमेकांना काटकोनात असलेले दोन काप पाहा.

जीवांची साक्ष

निकाल शेवटी इथे लागतो, कारण काही जीव गोड्या पाण्यात जगतच नाहीत: अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचा, आता नामशेष झालेला जीव), प्रवाळ, सी अर्चिन.

अमोनाइट मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. देवघरातला शाळिग्राम, गंडकी नदीतून येणारा, ज्याच्यात चक्र असते, ते चक्र म्हणजे अमोनाइटचाच ठसा. कुलधराच्या थरांत तोच आकार पिवळ्या दगडात मिळतो. गोगलगाईपासून वेगळा असा करा: गोगलगाईचा वेटोळा शंकूसारखा एका बाजूला वर चढतो आणि आतून एकच सलग पोकळी असते. अमोनाइट ताटासारखा एका पातळीत गुंडाळलेला, आडव्या बरगड्यांचा, आणि आत पडदे घालून खोल्या केलेल्या. कवच झिजले असेल तर पडद्यांच्या जागी वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ दिसते. ती दिसली की शंका नाही. कुलधराला मिळणारा मॅक्रोसेफलाइट्स नावाचा अमोनाइट कच्छमध्येही मिळतो, आणि दोन्हीकडचे थर एकाच काळातले हे त्यावरूनच जुळते. पण एक सावधगिरी: मेलेल्या अमोनाइटचे पोकळ कवच तरंगत दूर जाते. त्यामुळे तो समुद्र आणि काळ सांगतो, पाण्याची खोली सांगत नाही. खोलीसाठी एका जागी चिकटून वाढलेला प्रवाळ पाहा, तोही उभा, आपल्या जागेवरच असलेला.

दोन शिंपांचा जीव दिसला तर ब्रॅकिओपॉड की साधा शिंपला हे सममितीवरून ठरते. साध्या शिंपल्याच्या, म्हणजे आपण खातो त्या तिसऱ्यांच्या, दोन शिंपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडमध्ये एक शिंप मोठी, एक लहान, पण प्रत्येक शिंप मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धे सारखे. साधा शिंपला गोड्या पाण्यातही मिळतो, ब्रॅकिओपॉड बहुतेक सगळे समुद्रातले. नुसती कालवे सापडली तर घाई नको. कालवे खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात छान वाढतात, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

उलट बाजूचे उदाहरण नागपूरचे. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये फायसा नावाच्या पातळ कवचाच्या गोगलगाई सापडतात, आणि त्या तळ्यातल्या आहेत. शंख मिळाला म्हणजे समुद्र, असे म्हणणाऱ्याने त्या आठवाव्यात.

जैसलमेरजवळच्या जेठवाईचे थर तर एकच जीव पाहून निकाल देणाऱ्याला चांगलेच चकवतील. तिथून २०२३ साली थारोसॉरस इंडिकस हा १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा लांब मानेचा डायनासोर जाहीर झाला, आणि त्याच परिसरातून २०२१ मध्ये स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस या शार्कचे दात. डायनासोरचे हाड जमिनीवरच्या प्राण्याचे, पण ते पडले किनाऱ्यालगतच्या गाळात. म्हणून एका हाडावर नाही, थरातल्या सगळ्या जीवांवर मिळून बोलायचे.

थर मोजणे आणि नोंद

काठी थराला काटकोनात धरून खालून वर मोजत जा. वहीत एक मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात उभा पट्टा काढा. शेजारी रकाने: जाडी, दगड, दाण्याचे माप, फेस, रचना, जीव, फोटोचा क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश. सपाट मैदानात काठी चालत नाही. तिथे थराचा कल मोजा आणि कलाच्या दिशेने चाललेले अंतर घ्या: तीन अंशांच्या कलाला शंभर मीटर चालणे म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर जाडी. कल एका अंशाने चुकला तर उत्तर एक-तृतीयांशाने चुकते, म्हणून पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. सुटा पडलेला दगड पट्ट्यात चढवू नका. त्याची नोंद "सुटा" म्हणून बाजूला, तो किती सुंदर असला तरी.

समुद्र पुन्हा आला

पश्चिमेला पुढे गेल्यावर बारीक गाळाचे शेल (पापुद्र्यांचे खडक), मग वालुकाश्म, मग झाडपाल्याचे ठसे असलेले 'पारीवार' नावाचे थर लागतात: समुद्र मागे हटला. त्यानंतर वायव्येला हाबूरच्या आसपास पुन्हा अमोनाइट दिसतात, पण हे ज्युरासिकनंतरच्या क्रेटेशियस काळातले. हाबूरचा शिंपल्यांनी गच्च भरलेला दगड जैसलमेरच्या दुकानांत वाट्या-पेल्यांच्या रूपात विकला जातो. जीव ओळखायच्या सरावाला घासलेली वाटी उत्तम, कापच काप दिसतात. आणखी पश्चिमेला 'खुईयाला' आणि 'बांधा' या नावांच्या चुनखडकांत तिसऱ्यांदा समुद्र, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे अमोनाइट शोधू नका, ते तोवर नामशेष झाले होते. नाण्यासारखे चपटे गोल शोधा. फोडलेल्या कडेवर ते मसुरीच्या डाळीसारखे दिसतात आणि आत गुंडाळीत बारीक खोल्या असतात. ही एकपेशी जीवांची घरे आहेत.

या पट्ट्यांत कुठेही हाड किंवा दात दिसला तर खोदायचे नाही. हाड थरातून सुटले की ते कोणत्या थरातले हे कायमचे हरवते, आणि कोरडे जीवाश्म हाड हातात भुगा होते. पट्टी ठेवून जवळून एक, दोन मीटरवरून एक आणि आजूबाजूची टेकडी दिसेल असा एक, असे तीन फोटो घ्या, अक्षांश-रेखांश लिहा, उघडे पडलेले टोक वाळूने हलके झाका आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जयपूर कार्यालयाला कळवा.